मैलकुलीचा मैल

नाशिककरांच्या तोंडी गोदावरी ही गोदावरी क्वचितच असते, ती गंगाच. स्नानास जायचे ते गंगेवर, पूर यायचा तो गंगेला, आणि तिच्याच काठाने पश्चिमेस तीन कोसांवर वसलेले गाव ते गंगापूर. मात्र अशोक स्तंभापासून निघून त्या गावाकडे जाणाऱ्या मार्गास ‘गंगापूर रस्ता’ म्हणताना मी आजवर कोणासही ऐकलेले नाही. नदीला पुराणातले नाव आणि रस्त्याला इंग्रजी, अशी ही वाटणी आहे. आणि ती एका अर्थाने यथार्थच म्हटली पाहिजे, कारण नदीकाठची ही वाट फार जुनी असली तरी तिचा ‘रोड’ होणे, म्हणजे तिच्यावर कोणाचा तरी हुकूम चालणे आणि तिच्या नावाने कोणत्या तरी तिजोरीत खर्चाचे सदर उघडणे, ही गोष्ट इंग्रजी अमलापूर्वीची नव्हे.

पेशवाईत या वाटेची प्रतिष्ठा काही कमी नव्हती. शहरापासून सुमारे दीड कोसावरचे चावंडस हे गाव रघुनाथरावांना आवडले, तेथे त्यांनी वाडा बांधला आणि पत्नी आनंदीबाई हिच्या नावावरून गावाची आनंदवल्ली केली. तेवढेच अंतर आणखी पुढे गेले की गंगापूर लागते. तेथे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे काढली; १७८८ साली त्या वारल्या. ज्या नारायणरावाच्या वधाचा ठपका लोकांनी आनंदीबाईवर ठेवला, त्याच नारायणरावाची आई आनंदीबाईच्या नावाच्या गावापलीकडे दीड कोसावर राहत होती, ही एकाच वाटेवरील शेजारगावांची कथा कादंबरीकारालाही सुचली नसती. पण एवढी थोर माणसे जिच्यावरून गेली ती वाट चाकासाठी नव्हती, खुरासाठी आणि भोयांच्या पावलांसाठी होती. पालखीला, घोड्याला आणि पाठीवर गोणी वाहणाऱ्या बैलांच्या तांड्याला मुरमाची उघडी पाऊलवाट चालते. दगडी कामाचा पैसा जाई तो घाटांच्या पायऱ्यांवर आणि देवळांवर. वाट पावसाने वाहून गेली तर पुढच्या हिवाळ्यात लोकांची पावलेच ती पुन्हा उमटवीत.

१८१८ नंतर चित्र पालटले, तरी एकदम नव्हे. मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने रस्ता बांधण्याची जी स्वस्त पद्धत रूढ केली तिचे मर्म फार साधे होते: खाली मोठमोठे धोंडे रचण्याची आवश्यकता नाही, मुठीत मावतील अशा फोडलेल्या खडीचे थर चांगले दाबावेत, रस्त्याची पाठ मध्ये किंचित उंच ठेवावी आणि मुख्य म्हणजे खालची जमीन कोरडी राहील अशी तजवीज करावी, कारण ओझे अखेर त्या जमिनीनेच पेलायचे असते. दख्खनच्या काळ्या फत्तराला ही पद्धत जणू मानवलीच. काळ्या मातीला मात्र ती तितकी मानवली नाही, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आणि नदीकाठच्या रस्त्याला दोन्ही पदार्थांशी संसार करावा लागतो.

पैशाची व्यवस्था त्याहून चित्तवेधक होती. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी वसूल होऊ लागली. तिचे दोन भाग रस्ते, पाणी यांसाठी आणि एक भाग शाळांसाठी राखलेला असे. नाशिकची नगरपालिका १८६४ची. शहराच्या हद्दीतील रस्ते तिच्याकडे, हद्दीबाहेरचे लोकल फंडाकडे, अशी फाळणी झाली. आणि गंगापूरसारखे खेडे तेव्हा हद्दीच्या कितीतरी पलीकडे होते. १९०१ च्या शिरगणतीत नाशिकची वस्ती अवघी २१,४९० भरली. एवढ्याशा गावाचा सगळा व्यवहार आग्रा रस्त्याकडे आणि रेल्वे स्टेशनाकडे तोंड करून चाले; स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्रामही धावू लागली होती. पश्चिमेच्या या रस्त्यावरून येत ती भाजी, चारा आणि सोमेश्वराच्या दर्शनाला जाणारी माणसे. उत्पन्न न देणाऱ्या रस्त्याकडे कोणतीही कचेरी कौतुकाने पाहत नाही.

तरीही जिल्ह्यातले असे गरीब रस्ते टिकून राहिले, आणि त्याचे श्रेय मी ज्याला देतो त्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर सापडणार नाही. तो म्हणजे मैलकुली. मैल-दोन मैलांचा तुकडा एका माणसाच्या हवाली करावा आणि त्याने बारा महिने तेवढाच सांभाळावा, अशी ती सरकारी रचना होती. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग ब्रासच्या मापाने रचून ठेवलेले असत, शेजारी मुरूम. मैलकुलीची दौलत म्हणजे कुदळ, फावडे, घमेले आणि एक धुम्मस. वैशाखात तो कडेचे चर उघडी, मोऱ्यांच्या तोंडी अडकलेला पालापाचोळा ओढून काढी, साइडपट्टी तासून पाण्याला उतार देई. पावसाळ्यात उघडीप पडली की वीतभर खळगा दिसताच त्याच्या कडा चौकोनी उकरून घेई, आत खडी बसवी, वर मुरूम पसरून पाणी शिंपडी आणि ठोकून सारखा करी. दिवाळीनंतर झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे देई. ओव्हरसियर सायकलवरून आला की मैल कोणाचा हे विचारावे लागत नसे. चांगला असो वा वाईट, तो अमक्याचा मैल असे.

ही व्यवस्था पवित्र होती असे मला सुचवायचे नाही. मजुरी तुटपुंजी होती, खडी फोडणाऱ्या वडार बायाबापड्यांचे डोळे आणि बोटे त्या खडीत गेली, आणि ‘बिगारी’ हा आजही चालणारा शब्द वेठबिगारीतून आला आहे हे विसरता येत नाही. मला कौतुक आहे ते तिच्या हिशोबाचे. खळगा वीतभर असतानाच भरला तर घमेलेभर माल पुरतो. तोच हातभर झाला की गाडी लागते. आणि पाणी खाली उतरून माती फुगली की सगळा थर उकलावा लागतो, त्याला मग निविदा लागते. अल्प पैशात रस्ता राखायचा तर तो वीतभर असतानाच राखला पाहिजे, एवढे शहाणपण त्या कुदळीच्या दांड्यात होते.

मोटारी आल्या आणि हा तोल बिघडला. लोखंडी धावेच्या बैलगाडीने खडी भरडली जाऊन तिची भुकटी वर बसे. रबरी चाक तीच भुकटी शोषून उडवून देते आणि खडी मोकळी करते. डांबराची गरज निर्माण झाली ती अशी, आणि डांबराबरोबर खर्चही आला. या खर्चाचा विचार अखिल भारतीय पातळीवर प्रथम ज्या समितीने केला तिचे अध्यक्ष एक मराठी बॅरिस्टर होते, मुकुंदराव जयकर. १९२७ साली नेमलेल्या या समितीने असा अभिप्राय दिला की रस्त्यांचा भार एकट्या प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना झेपणारा नाही. जो मोटार चालवतो त्याने पेट्रोलमागे थोडा ज्यादा कर द्यावा आणि तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवावा. १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांचा तो निधी अस्तित्वात आला. जो झिजवतो त्याने भरावे, ही कल्पना उमदी होती. परंतु तिचा ओघ मुख्यतः मोठ्या रस्त्यांकडे वळला, आणि गावाच्या रस्त्याला आपल्या जकातीवरच गुजारा करावा लागला.

स्वातंत्र्यानंतर गंगापूरजवळ गोदावरीवर मातीचे धरण झाले, शहराचे पाणी तिकडून येऊ लागले, मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांची महाविद्यालये या बाजूला वाढली आणि द्राक्षबागांच्या जागी बंगले आले. १९८२ साली नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या तीन नगरपालिका व भोवतालची खेडी मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा सुमारे २६० चौरस किलोमीटरांचा संसार एका खात्यावर आला आणि आनंदवल्ली, गंगापूर ही पूर्वीची परगावे शहराच्या पोटात गेली. मैलकुलीची जागा ठेकेदाराने घेतली. पुढे २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर दोन वर्षांतच बहुतांशी संपला, आणि २०१७ पासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याची वाट पाहते. नाक्यावर रोज रोकड मोजणारा गृहस्थ महिन्याच्या मनिऑर्डरीवर आला, असे याचे वर्णन करता येईल.

नाशिकला आणखी एक पंचांग आहे. गुरू सिंह राशीत येतो आणि सरकारची तिजोरी उघडते. १९९१, २००३, २०१५ या प्रत्येक सिंहस्थाच्या आधी शहराचे रस्ते रुंदावले, नवे झाले; आताही २०२७ची लगबग चालू आहे. हा पैसा येतो तो बांधण्यासाठी, राखण्यासाठी नव्हे. मधली अकरा वर्षे ज्या अंदाजपत्रकावर निघतात त्यात नवा रस्ता हे मानाचे पान असते आणि डागडुजी ही पंगतीच्या शेवटची वाढ. रुंदीकरणात गंगापूर रोडवरची जुनी झाडे काही काळ थेट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तोडण्याचा प्रश्न न्यायालयात आणि रहदारी दोहो बाजूंनी, अशा अवस्थेत त्यांच्या बुंध्यांवर चुन्यागेरूऐवजी चकाकणाऱ्या पट्ट्या आल्या. अशोक स्तंभापासून त्र्यंबक नाक्यापर्यंतचा अवघा १.१ किलोमीटरांचा ‘स्मार्ट रोड’ सुमारे १७ कोटींच्या खर्चाने झाला, आणि तो होता होता नाशिककरांच्या संयमाचीही मोजमाप वही भरून गेली.

डांबराला चिरंजीवित्व अशक्य आहे असे मात्र नव्हे. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे काम १९७०च्या दशकाच्या मध्यास रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केले, आणि हमी संपून कितीतरी वर्षे लोटली तरी त्या रस्त्याची ख्याती टिकली. दोष डांबराचा नव्हे, आणि सर्वस्वी ठेकेदाराचाही नव्हे.

आमच्या बाजूस भर पावसाळ्यात खड्डे बुजवण्याची गाडी येते तो प्रसंग पाहण्यासारखा असतो. खड्ड्यातले पाणी झाडूने बाहेर ढकलतात. झारीतून डांबराच्या चार धारा ओल्या तळावर पडतात. गाडीतला माल वाटेतच निवलेला असतो, तो फावड्याने ओढून वर रोलर दोनदा फिरतो. कडा उकरणे नाही, चर पाहणे नाही. आठ दिवसांनी ते ठिगळ भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटून बाजूला पडते. उन्हाळ्यात मग सगळ्यावरच नवा थर चढतो. थरावर थर चढून रस्ता उंचावतो, आणि जुन्या घरांची जोती, जी एके काळी दोन पायऱ्या वर होती, ती एक पायरी खाली जातात.

गेल्या ज्येष्ठात गंगापूर ओलांडून गिरणाऱ्याच्या बाजूस गेलो होतो. आभाळ भरून आले होते. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा कुदळीने बुजलेला चर मोकळा करीत होता. मोरीच्या तोंडचा गाळ काढून त्याने बाजूला नीट ढीग लावला होता. जुना मैलकुली असेल अशा आशेने मी थांबून विचारले, “बाबा, तुम्ही बांधकाम खात्याचे का?”

“नाही हो,” तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, “पाणी इथं तुंबलं का वावरात घुसतं, म्हणून वाट करून देतो. रस्त्याचं काय, तो सरकारचा.”