हातचं मैदान आणि पळतं मैदान



‘जुनी जागा सोडा, त्याहून चांगली नवी देऊ.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलेलं असतं. कधी शाळेच्या मैदानाबद्दल, कधी बाजारतळाबद्दल, कधी गटाच्या बैठकीच्या खोलीबद्दल. पुढे नवं काही उभं राहिलंच, तर लोक म्हणतात, ‘बघा, जुनं गेलं म्हणून हे मिळालं.’ हे कितपत खरं असतं? आज त्यासाठी एका लांबच्या शहराची गोष्ट सांगते. शहराचं नाव ब्रायटन. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. गोष्ट फुटबॉलच्या मैदानाची आहे. फुटबॉल कळत नसला तरी चालेल. जागा जाते म्हणजे काय होतं, ते आपल्याला चांगलं कळतं.

ब्रायटनला लागूनच होव्ह नावाचा भाग आहे. तिथं गोल्डस्टोन नावाचं मैदान होतं. ब्रायटनचा फुटबॉल क्लब १९०२ पासून तिथं खेळायचा. तिकडचा क्लब कागदावर कंपनी असतो, त्याचे भागधारक असतात. पण लोकांच्या लेखी तो ग्रामदैवतासारखा. आजोबांनी बापाला आणि बापानं पोराला बोट धरून त्याच मैदानावर न्यायचं. १९५८ साली तिथल्या एका सामन्याला ३६ हजारांहून जास्त माणसं आली होती.

मैदान जुनं झालं होतं, हेही खरं. बरेच लोक उघड्या पायऱ्यांवर उभं राहून सामना बघायचे. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्याच शेफील्ड शहरात, हिल्सबरो मैदानावर, मोठी चेंगराचेंगरी झाली. त्यात ९७ जणांचा जीव गेला. त्यानंतर सगळ्याच मैदानांसाठी सुरक्षिततेचे नियम कडक झाले आणि गोल्डस्टोनवर पूर्वीइतकी माणसं घेता येईनात. क्लबवर कर्जही होतं. त्यामुळे नवी जागा हवी, असं म्हणणारे लोक काही चुकीचे नव्हते.

चूक झाली ती पुढे. १९९५ मध्ये क्लबच्या तेव्हाच्या कारभाऱ्यांनी गोल्डस्टोन विकायला काढलं. सुमारे ७४ लाख पौंडांना ते दुकानांची वसाहत बांधणाऱ्या कंपनीला गेलं. त्या वेळी नव्या मैदानाची जागा ठरलेली नव्हती, परवानगी नव्हती, पैसाही नव्हता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतो ना, तेच हे.

आता नीट ऐका, कारण पुढचा भाग खास आपल्यासाठी आहे. त्या क्लबच्या नियमावलीत एक जुनं कलम होतं. क्लब बंद पडला, तर देणी भागवून उरलेली मालमत्ता भागधारकांना वाटून घेता येणार नाही, असं ते कलम सांगायचं. मैदान विकायच्या आधीच ते कलम गुपचूप काढून टाकलं गेलं होतं. हे कुणाच्या लक्षात आलं? क्लबच्या काही पाठीराख्यांनी कागद मागवून ओळ न् ओळ वाचली, तेव्हा हे बाहेर आलं. स्थानिक वर्तमानपत्रानं ते छापलं. बोभाटा झाल्यावर कलम परत घालावं लागलं. मैदान मात्र तोवर गेलं होतं.

मग लोक उठले. १९९६ च्या एप्रिलमध्ये सामना सुरू झाल्यावर काही मिनिटांतच लोक मैदानात उतरले, गोलचे खांब मोडले, सामना थांबला. रागाची किंमतही मोजावी लागली. पुढच्या हंगामात अशाच एका प्रकारानंतर संघाचे दोन गुण कापले गेले. लोकांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. ८ फेब्रुवारी १९९७ ला तर देशभरातल्या दुसऱ्या संघांचे पाठीराखे आपापले रंग घालून ब्रायटनच्या बाजूनं बसायला आले. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे लोक होते हे. आज यांचं गेलं, उद्या आपलं जाईल, एवढं त्यांना कळलं होतं.

२६ एप्रिल १९९७ ला गोल्डस्टोनवर शेवटचा सामना झाला. समोर डॉनकास्टरचा संघ होता. ब्रायटन एक गोलनं जिंकलं. सामना संपल्यावर लोकांनी मैदानातल्या हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले. पुढच्या आठवड्यात हेरफर्ड गावात शेवटची लढत होती. हरले असते, तर १९२० पासून ज्या लीगमध्ये खेळत होते तिच्यातून बाहेर फेकले गेले असते. बरोबरी झाली आणि थोडक्यात वाचले. त्याच वर्षी क्लबचा कारभार डिक नाइट यांच्या गटाकडे आला. ते स्वतः क्लबचे जुने पाठीराखे.

गोल्डस्टोनच्या जागी दुकानं उभी राहिली आणि क्लब बेघर झाला. दोन वर्षं घरचे सामने गिलिंगहॅम नावाच्या गावात खेळावे लागले. ब्रायटनपासून ते शंभर किलोमीटरहून लांब. ‘घरच्या’ सामन्याला जाऊन यायला अख्खा दिवस मोडायचा. म्हातारी माणसं आणि लहान पोरं तिथं कशी जाणार? १९९९ मध्ये शहरात परत आले, ते विथडीनच्या धावण्याच्या मैदानावर. बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि प्रेक्षक व खेळाडू यांच्या मध्ये धावपट्टी. तात्पुरतं म्हणून आलेले तिथं बारा वर्षं राहिले.

नवी जागा फाल्मर या गावाजवळ सुचवली गेली. १९९९ मध्ये शहरात मतदान झालं आणि मोठ्या बहुमतानं लोकांनी कौल दिला. पण कौल मिळाला म्हणजे जागा मिळाली असं नाही. जागा टेकड्यांच्या कडेला, निसर्गरम्य म्हणून जपलेल्या भागाजवळ. शेजारच्या लुइस जिल्हा परिषदेचा विरोध होता. त्या लोकांचं म्हणणंही ऐकण्याजोगं होतं. शहरानं आपलं मैदान विकायचं आणि नवं आमच्या दारात आणायचं, हा कुठला न्याय, असं आपल्यालाही वाटलंच असतं. चौकशी झाली, सुनावण्या झाल्या. २००५ मध्ये सरकारनं मंजुरी दिली, ती कोर्टात अडकली. २००७ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. या सगळ्या काळात पाठीराखे पत्रं लिहीत होते, पैसे जमवत होते, गाणं काढून देशभर वाजवत होते. शेवटी सुमारे ९ कोटी ३० लाख पौंड लागले. ते मुख्यतः टोनी ब्लूम या सधन पाठीराख्यानं उभे केले.

२०११ च्या ऑगस्टमध्ये नव्या स्टेडियममध्ये लीगचा पहिला सामना झाला. समोर पुन्हा डॉनकास्टरच. ब्रायटन पुन्हा जिंकलं. स्टेडियम खरंच छान आहे. प्रत्येकाला बसायला जागा, डोक्यावर छप्पर, शेजारी रेल्वे स्थानक; आणि ते सुरू झालं तेव्हा सामन्याच्या तिकिटातच बस-रेल्वेचा प्रवास असायचा. २०१७ मध्ये संघ देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली होती. ती सुमारे पन्नास वर्षं टिकली. म्हणजे गोल्डस्टोनच्या निम्म्याहून अधिक आयुष्यात बायकांना त्यावर खेळायची मुभाच नव्हती. २०२२ मध्ये मात्र युरोपच्या महिला स्पर्धेत इंग्लंडच्या मुलींनी याच नव्या स्टेडियममध्ये नॉर्वेवर आठ गोल केले. बघायला २८ हजारांहून जास्त लोक होते. तरी ब्रायटनच्या स्वतःच्या महिला संघाचे घरचे सामने बरीच वर्षं क्रॉली नावाच्या दुसऱ्या गावातल्या छोट्या मैदानावर होत राहिले. नवं चांगलं झालं तरी ते कुणाला वापरायला मिळतं, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

मग जुनं मैदान गेलं म्हणून स्टेडियम मिळालं का? मला तसं वाटत नाही. मैदान गेल्यामुळे मिळाली ती चौदा वर्षांची वणवण. १९९७ मध्ये जन्मलेलं पोर तोवर नववीत पोचलं असतं. कितीतरी म्हाताऱ्यांनी नवं स्टेडियम पाहिलंच नसेल. स्टेडियम मिळालं ते चौदा वर्षं न थकता पाठपुरावा करणाऱ्या लोकांमुळे, आणि अखेर पैसेवाला माणूस आपल्यातलाच निघाला म्हणून. असं नशीब सगळ्यांचं नसतं. लंडनच्या विम्बल्डन क्लबनं १९९१ मध्ये आपलं मैदान सोडलं. पुढे क्लबच दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी २००२ मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला आणि त्याच रस्त्यावर नवं मैदान मिळायला २०२० उजाडलं.

म्हणून नव्याला उगीच नाही म्हणू नका. जुनी पडकी खोली धरून बसण्यात काही शहाणपण नाही. पण कुणी ‘जुनं सोडा’ म्हणालं, तर आधी विचारा: नवी जागा कुठली? कागद कुठं आहे? पैसा कुणाचा? मधली वर्षं आम्ही कुठं बसायचं? नव्या जागेत बायकांना जागा किती? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

आणि पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटाची नियमावली पेटीतून बाहेर काढा. वाचता येणारीनं मोठ्यानं वाचावी, बाकीच्यांनी ऐकावी. ब्रायटनमध्ये एक कलम गेलं तेव्हा कुणी वाचत नव्हतं. आपण वाचत राहू.