प्रतीक्षायादीतील बालपण

१९९६ सालची गोष्ट. सीमाभागातील एका मराठी शाळेत मी नुकताच सहशिक्षक म्हणून रुजू झालो होतो. जूनमध्ये एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घालायला घेऊन आल्या. मुलगा अंगाने धडधाकट होता; पण नावाने हाक मारली तर वळून बघत नव्हता. ऑफिसातला पंखा फिरू लागला की मात्र सारे विसरून तिकडे टक लावून बसे. ‘‘सर, ह्याला ऐकू येतंय. लांबून यस्टी आली तरी कळतंय. पण माझ्याकडं बघत नाही,’’ त्या म्हणाल्या.

आम्ही शिक्षकांनी पाच मिनिटांत निदान करून टाकले. वडील मराठी, आई माहेरची कानडी. दोन भाषांत पोर गोंधळले, दुसरे काय! मी त्यांना मोठ्या अधिकाराने सांगितले, ‘‘वहिनी, तुम्ही घरात कानडी बोलणे बंद करा. मुलाशी फक्त मराठीत बोला.’’ त्यांनी मान डोलावली. पुढे दीड वर्षाने मुलगा शाळेतून गेला. त्याच्या दाखल्यावर मीच ‘प्रगती नाही’ असा शेरा लिहिला.

त्या मुलाच्या अवस्थेला नाव होते: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. हे मला ठाऊक नव्हते, ही माझी चूक. परंतु इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने पुढे मी शोध घेतला, तेव्हा लक्षात आले की त्या वर्षी ते नाव देशाच्या अपंगविषयक कायद्यालाही ठाऊक नव्हते.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, ते १९४३ साली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतर कित्येक वर्षे ‘आईची माया थंड, म्हणून मूल असे,’ हा आरोप पाश्चात्त्य देशांतील मातांनी सोसला. तो खोडून काढण्यात आणि मुलांसाठी शाळा काढण्यात पालकच पुढे होते. ब्रिटनमध्ये त्यांची संस्था १९६२ साली उभी राहिली, अमेरिकेत १९६५ साली. तरीही अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळायला १९९० साल उजाडले.

आपल्याकडे १९९१ साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू झाली, तीही पालकांच्याच धडपडीतून. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी पहिला सर्वंकष कायदा केला. त्यात सात प्रकार मोजले होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता त्यात नव्हती. सरकारी कागद हवा असेल तर पालकांनी मुलाला ‘मतिमंद’ म्हणवून घ्यायचे. आणि मुलाची बुद्धी शाबूत असेल तर तो कागदही नाही! १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातच ऑटिझम आला. पण त्याचा भर मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांवर होता. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्या तक्त्यातही स्वमग्नतेचा रकाना नव्हता. अखेर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि त्यांत स्वमग्नता आली. एप्रिल २०१७ मध्ये तो अंमलात आला, तेव्हा माझ्या वर्गातील तो मुलगा २७ वर्षांचा झाला असेल.

नाव मिळाले म्हणजे सेवा मिळाली असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. योजना नेमकी होती. डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचे, ३० प्रकारचे दोष व आजार तपासायचे, शंका आल्यास मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. त्या तीसांत स्वमग्नताही आहे. परंतु असे केंद्र जिल्ह्याला एक, ही मूळ कल्पना. आता आपल्याच बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या पाहा. २०११ च्या गणतीप्रमाणे ती ४७ लाखांवर होती. वाणी-उपचार म्हणजे देवीची लस नव्हे की एकदा टोचली आणि काम झाले. त्यासाठी तेच मूल पुनःपुन्हा त्याच माणसापुढे बसावे लागते. एका केंद्राला हे कसे पुरे पडावे?

गरीब देशाचे रडगाणे म्हणून हे सोडून देता आले असते. पण कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारनेच सांगितले की सुमारे ८,४०० मुलांना सेवा मिळते आणि २३,००० मुले प्रतीक्षायादीत आहेत. त्यावर तोड काढली ती अशी की गरज न पाहता मुलाचे वय आणि आईबापांचे उत्पन्न पाहून सर्वांना थोडी थोडी रक्कम वाटायची. मार्चमध्ये पालक विधानसभेपुढे जमले आणि सरकारला योजना बदलावी लागली. प्रतीक्षा मात्र संपली नाही. तिजोरी भरलेली असली तरी शिकवणारी माणसे पुरेशी तयार केली नाहीत, तर रांग हलत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका मुलीची आई माझ्याकडे आली. धाकट्या मुलाचे तिसरे वर्ष संपत आले होते. हातात फाईल होती. एका मोठ्या शहरातील सरकारी संस्थेने पूर्ण तपासणीसाठी आठ महिन्यांनंतरची तारीख दिली होती. मी मनाशी हिशेब केला. तीन वर्षांच्या मुलाचे आठ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचव्या हिश्श्याहून मोठा तुकडा. स्वमग्नतेची लक्षणे दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ओळखता येतात आणि मदत जितकी लवकर तितकी उपयोगी. सरकार दप्तरात वर्षे मोजते; मुलाचे मात्र महिने जातात.

‘‘सर, तोवर काय करू?’’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘‘तारीख सोडू नका, पण तारखेची वाट बघत बसूही नका. जिल्ह्याच्या केंद्रात नाव घाला. अंगणवाडीच्या बाईंना सांगा. तो काय बघतो, कशाने रडतो, काय मागतो, ते रोज वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.’’

त्या उठल्या आणि दारात थांबल्या. ‘‘शेजारची माणसं म्हणतात, घरात मी कानडी आणि हे मराठी, म्हणून असं झालं. मी कानडी बंद करू?’’

अठ्ठावीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा माझ्या टेबलापुढे उभा होता. दोन भाषांनी स्वमग्नता येत नाही आणि वाढतही नाही, हे एव्हाना अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. सीमाभागात आपण भाषेसाठी पुष्कळ सोसले आहे. तरीही एका आईची भाषा तिच्या ओठांवरून मी सहज काढून घेतली होती. जो मुलगा आधीच कोणाशी बोलत नव्हता, त्याच्या कानावरून आईचे अंगाईचे शब्दही माझ्या सल्ल्याने गेले.

‘‘नाही, वहिनी,’’ मी म्हणालो, ‘‘तुम्हाला जी भाषा आपसूक येते, तिच्यातच त्याच्याशी बोला. भरपूर बोला.’’