शाळेच्या शेजारची शाळा : नाशिकच्या विद्यार्थी-वसतिगृहांचा पूर्वेतिहास

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नामावली छापली जाते. नावापुढे गाव असते, परीक्षा असते, गुण असतात. परंतु हा मुलगा गाव सोडून आला तेव्हा कोठे राहिला, दोन वेळा काय जेवला, तापाने फणफणला तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसले, याला त्या यादीत रकाना नाही. आपल्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा असाच लिहिला गेला आहे. शाळांच्या स्थापनेच्या तिथी आपणांस पाठ असतात, मात्र त्या शाळांपर्यंत खेड्यातील पोर पोहोचले कसे, ही हकिकत मागे राहते. वस्तुतः ती हकिकत वसतिगृहांची आहे.

नाशिक हे क्षेत्र. शिकणाऱ्या मुलाला पोसण्याची रीत येथे प्राचीन होती. वेदाध्ययन करणारा बटू माधुकरी मागे, वार लावून जेवी, एखाद्या यजमानाच्या ओसरीवर पथारी पसरी. सोमवारचे घर एक, मंगळवारचे दुसरे. त्या व्यवस्थेत अवहेलनाही होती, पण मूल उपाशी राहत नसे. आता सिन्नर, निफाड, दिंडोरी, चांदवड या बाजूंनी आलेल्या कुणबी, माळी, वंजारी वा तत्सम घरच्या मुलाचा विचार करा. त्याला वार कोण देणार? धर्मशाळेत दोन दिवस निघतील, वर्ष कसे निघेल? फी माफ झाली तरी चूल माफ होत नाही. इंग्रजी शाळा सर्वांना खुली होती असे कागदावर म्हणता येई, परंतु भाकरी बांधून आणलेली शिदोरी तिसऱ्या दिवशी संपे आणि तिच्याबरोबर शिक्षणही संपे.

हे मर्म प्रथम महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखले. १८७७ च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे त्यांनी व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना, रयतेच्या करातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ रयतेच्याच मुलांना मिळत नाही, हे गाऱ्हाणे मांडले. या दोन गोष्टी निरनिराळ्या वाटतात, पण अन्न आणि अक्षर यांची जोड त्यांच्या मनात एकच होती.

पुढील पाऊल कोल्हापुरात पडले. १८९६ साली राजाराम महाविद्यालयाला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले, परंतु काही काळातच त्यात व्यवहारतः एकाच वर्गाची मुले उरली. दार उघडे असून भागत नाही, आत पंक्ती कोणाची बसते हेही पाहावे लागते, हा धडा छत्रपती शाहू महाराजांनी घेतला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि अशीच आणखी कितीतरी. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. जातवार वसतिगृहे काढली म्हणून महाराजांवर टीका झाली, आजही होते. टीकाकारांनी १८९६ चा प्रयोग का फसला, हे आधी सांगावे.

नाशिकला हे वारे १९१४ साली पोहोचले. त्या वर्षी मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. कर्मवीर रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, अण्णासाहेब मुरकुटे, काकासाहेब वाघ, आणि पुढील पिढीत भाऊसाहेब हिरे अशा मंडळींनी ही संस्था वाढविली. सत्यशोधक विचाराचा संस्कार त्यांच्यावर होता. विशेष हे की आरंभीच्या काळात संस्थेच्या डोळ्यांपुढे वर्गखोलीइतकीच, किंबहुना अधिक, निवासाची खोली होती. धारचे महाराज उदाजीराव पवार यांचे नाव धारण करणारे उदाजी मराठा वसतिगृह हे त्या दृष्टीचे फळ. त्याची कोनशिला बसविण्यासाठी एप्रिल १९२० मध्ये शाहू महाराज स्वतः नाशिकला आले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व उघडपणे गौरविले होते, आणि आदल्या वर्षी आपल्या संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम दिला होता. म्हणजे एका जातीच्या वसतिगृहाची कोनशिला बसविणारा हात, जातींमधील भिंती पाडण्याच्या उद्योगात आधीच गुंतलेला होता.

नाशिकच्या इतिहासात याला जोडून आणखी एक पान आहे. १९२८ साली डॉ. आंबेडकरांच्या दलित जाती शिक्षण संस्थेच्या प्रयत्नाने जी पाच सरकारी वसतिगृहे मिळाली, त्यांत पनवेल, ठाणे, पुणे, धारवाड यांच्या बरोबरीने नाशिक होते. पुढे दोनच वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, याच नगरीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे अग्रणी होते. मंदिराचे दार वर्षानुवर्षे अडले, वसतिगृहातील दिवा मात्र त्या काळात विझला नाही. कोणत्या गोष्टीने अधिक मुक्ती दिली, याचा हिशोब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

जातवार वसतिगृहांच्या मर्यादेचा दाखलाही कोल्हापुरातच सापडतो. भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी जैन बोर्डिंगात राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल त्याला शुद्धीचे स्नान करण्यास सांगण्यात आले. त्याने ते नाकारले आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगतात. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांची एक पंगत बसविली. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला श्रीछत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले. मुलांच्या जेवणाला धान्य नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. संस्थेच्या जमाखर्चात ती रक्कम कोणत्या सदरात लिहिली असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

या सर्व काळात मुलींचे नाव क्वचितच येते. बोर्डिंग म्हणजे मुलांचे, हे गृहीतच होते. मुलीला शहरात ठेवण्याइतका विश्वास समाजाला वाटण्यास फार अवधी लागला. ही आपल्या पूर्वजांची उणीव आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

स्वातंत्र्यानंतर फीमाफी आली, शिष्यवृत्त्या आल्या, आदिवासी भागात आश्रमशाळा आल्या. नाशिक येथे आदिवासी विकास आयुक्तालय आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या बाजूच्या मुलांना त्या आश्रमशाळांचा आधार मोठा आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे या गोष्टी शाळेच्या दर्जात मोजल्या जाऊ लागल्या. परंतु त्या कायद्याचा हक्क आठवीपर्यंत, आणि शाळेतील माध्यान्ह भोजनही आठवीपर्यंतच. नववी-दहावीचा मुलगा, जो वाढीच्या ऐन वयात असतो आणि ज्याच्या डोक्यावर शालान्त परीक्षेचे ओझे असते, तो नेमका या दोन्हींच्या बाहेर राहतो. कायद्याची रेघ जेथे संपते, तेथेच शंभर वर्षांपूर्वी वसतिगृहाचे काम सुरू झाले होते.

प्रस्तुत लेखक स्वतः अशाच एका वसतिगृहात चार वर्षे राहिला. आमटी पातळ असे, याची तक्रार सर्वजण करीत. खरी अडचण वेगळी होती. रात्री रडू आले तर जाण्याजोगी जागा नव्हती. एका सहाध्यायाने दिवाळीनंतर ट्रंक उचलली ती पुन्हा आणलीच नाही. त्याला कोणी काही विचारले नाही, आम्हीही नाही. आज विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी बोलले जाते, समुपदेशक नेमावेत अशा सूचना निघतात. जुन्या माणसांना ते फाजील लाड वाटतात. मला तसे वाटत नाही. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला घरी पत्र लिहूनही उपयोग नसे, कारण ते वाचणारे घरी कोणी नव्हते.

उदाजी महाराजांच्या नावाचे शैक्षणिक वारशाचे संग्रहालय आज नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर आहे. समाजबांधवांनी मुलांना घेऊन ते अवश्य पाहावे. आपल्या समाजातही वसतिगृहाचा विषय बैठकांतून पुनःपुन्हा निघतो. खोल्या किती, देणगीदारांच्या पाट्या कोठे, यावर पुष्कळ बोलणे होते. प्रवेश-अर्जातील जातीच्या रकान्यावर मात्र कोणी बोलत नाही. माझे मत विचाराल तर निम्म्या जागा आपल्या समाजाच्या गरजू मुलामुलींस द्याव्यात, उरलेल्या निम्म्या कोणत्याही जातीच्या, परंतु गाव दूर असलेल्या आणि नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलांस, आणि पंगत एकच असावी. यावर मतभेद होईल हे जाणतो. तो बैठकीत उघडपणे व्हावा.