अजमेरचा शिक्का

माझी आत्या लग्न होऊन ग्वाल्हेरला, म्हणजे तिथल्या बोलीत लष्करला, गेली. तिच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आतोबांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक जुने प्रमाणपत्र काढून दाखवले. १९३५ सालचे, हायस्कूल परीक्षेचे. शाळा लष्करातली, दरबारच्या खर्चाने चालणारी. शिक्षक दरबारचे पगारी. पण उत्तीर्णतेचा शिक्का मात्र अजमेरच्या बोर्डाचा. मी विचारले, "शिंद्यांचे एवढे मोठे राज्य आणि परीक्षा अजमेरची कशी?" आतोबा हसले. "आमच्या वडिलांची तर अलाहाबादची होती," ते म्हणाले. "आपल्या मुलांना आपण तपासावं, असं ग्वाल्हेरच्या नशिबी फार उशिरा आलं."

ते वाक्य डोक्यात राहिले. शाळा एकाची आणि परीक्षा दुसऱ्याची, हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे शंभर वर्षांचा वाद आहे हे आपण विसरतो.

जुन्या काळी परीक्षा ही शाळेच्या अंगणातली गोष्ट होती. वर्षातून एकदा प्रतिष्ठित मंडळी बोलवायची आणि त्यांच्यासमोर मुलांना प्रश्न विचारायचे. १८५२ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांची परीक्षा झाली ती अशीच जाहीर. ज्यांनी या शाळांना नावे ठेवली त्यांच्याही डोळ्यांदेखत मुली उत्तरे देत होत्या, आणि हाच त्या परीक्षेचा मोठा गुण होता. पण या पद्धतीत शिकवणारा आणि तपासणारा यांच्यातले अंतर फार थोडे. सरकारी शाळेतले साहेब सरकारी शाळेची परीक्षा घेणार आणि अहवालही सरकारलाच पाठवणार. मग शाळा चांगली की वाईट हे ठरवायचे कोणी?

१८५४ च्या वुडच्या खलित्याने याला एक उत्तर दिले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे काढायची. त्यांनी शिकवायचे नाही, फक्त परीक्षा घ्यायच्या. १८५७ मध्ये तिन्ही विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ ची. १३२ मुले बसली, २२ उत्तीर्ण झाली, आणि त्यांत महादेव गोविंद रानडे होते. कलकत्त्याला १८५८ मध्ये पहिली बी. ए. झाली तेव्हा तर नियमाप्रमाणे कोणीच उत्तीर्ण होईना. अखेर बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस या दोघांना, सहापैकी एका विषयात कमी पडलेले गुण कृपेने देऊन, पदवी देण्यात आली. पुढे ज्यांच्या लेखणीने बंगाल हलला, ते पहिल्या परीक्षकाच्या लेखी काही गुणांनी नापासच होते!

तरीही या परीक्षेचे मोल कमी लेखू नये. संस्थानी मुलखात तर ते अधिकच होते. हेडमास्तर दरबारचा नोकर असे आणि वर्गात सरदाराचा मुलगा कारकुनाच्या मुलाशेजारी बसे. हेडमास्तरने दोघांनाही उत्तीर्ण म्हटले, तर त्या शब्दाला गावाबाहेर काय किंमत? पण पेपर दूरच्या शहरात जाऊन, नावाऐवजी नंबर पाहून तपासला गेला, म्हणजे कारकुनाच्या मुलाच्या हातात ब्रिटिश मुलखातही चालणारे नाणे येई. वकिली, रेल्वे, पोस्ट, मास्तरकी हे सारे दरवाजे त्या एका कागदाने उघडत.

१८८७ हे साल ग्वाल्हेरच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे ते वर्ष. लष्करच्या व्हिक्टोरिया कॉलेजचे नाव त्याचीच आठवण. (स्वातंत्र्यानंतर त्याला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले.) माधवराव शिंदे तेव्हा अज्ञान होते आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे होता. त्याच वर्षी अलाहाबाद विद्यापीठ स्थापन झाले. तोवर उत्तर हिंदुस्थानातली मुले कलकत्त्याच्या परीक्षेला बसत. आता ग्वाल्हेरचा परीक्षक गंगेच्या काठाने थोडा अलीकडे आला, इतकेच.

यातून दोन भांडणे निर्माण झाली. पहिले, परीक्षकाची परीक्षा कोणी घ्यायची? लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये विद्यापीठ आयोग नेमला आणि १९०४ मध्ये कायदा केला. कॉलेजांची तपासणी कडक झाली हे खरे, पण सिनेटमध्ये सरकारनियुक्त सभासदांचे बहुमत कायम झाले. वरिष्ठ कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे शिकवलेला तो माणूस. खाजगी कॉलेजाचे जगणे-मरणे सरकारी सिनेटच्या हाती जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शाळा सरकारची, परीक्षकही सरकारचाच, तर मग त्रयस्थ राहिला कोण? त्यांच्या विरोधाचा मथितार्थ मला तरी असा दिसतो.

दुसरे भांडण शाळांचे. विद्यापीठाच्या मॅट्रिकने शाळेला जणू कॉलेजच्या ओसरीवर आणून बसवले होते. जे मॅट्रिकला विचारतात तेवढेच शिकवायचे. देशी भाषांना या व्यवहारात काय भोगावे लागले ते आपण जाणतोच. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी उठली, आणि तिला पुन्हा पाट मिळावा म्हणून रानड्यांना अगदी अखेरपर्यंत झगडावे लागले. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये स्पष्ट सांगितले, की शाळेची आणि इंटरची परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र बोर्डाकडे द्यावी. १९२१ मध्ये संयुक्त प्रांताने तसे बोर्ड स्थापन केले. राजपुताना, मध्य हिंदुस्थान आणि ग्वाल्हेर ही सारी त्याच्याच पदरात टाकली गेली.

पण पाहुणा फार दिवस राहिला की यजमानाच्या कपाळाला आठ्या पडतात. संयुक्त प्रांताच्या सरकारने गाऱ्हाणे मांडले आणि हिंदुस्थान सरकारच्या सूचनेवरून १९२९ मध्ये अजमेरला निराळे बोर्ड निघाले. आतोबांच्या प्रमाणपत्रावरचा शिक्का तो हा. कॉलेजची गत वेगळी नव्हती. अलाहाबादने १९२१ च्या कायद्याने स्वतः शिकवणारे विद्यापीठ व्हायचे ठरवले, आणि बाहेरची कॉलेजे १९२७ मध्ये नव्या आग्रा विद्यापीठाकडे गेली. व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेल्या अटलबिहारी वाजपेयींची बी. ए. आग्र्याची, ती यामुळेच. ग्वाल्हेरला स्वतःचे जिवाजी विद्यापीठ मिळाले ते १९६४ मध्ये. अजमेरच्या बोर्डाची कहाणी आणखी गमतीची. राज्याराज्यांची बोर्डे निघाली, तसा त्याचा मुलूख आकसत गेला. १९५२ मध्ये त्याची घटना बदलून त्याला नवे नाव दिले गेले. आज देशभर ज्याचा बोलबाला आहे ते केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजेच सीबीएसई, ते हेच.

मी आतोबांना विचारले होते, की या परीक्षेचा राग येत नसे का? ते म्हणाले, "तपासणारा कोण ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि आम्ही कोण ते त्याला. न्याय म्हणून हे बरं होतं. पण घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, पेपरात इंग्रजी. आम्ही कुठल्या घरातून येतो, हे त्याने कधी विचारलंच नाही."

आम्हा सीमाभागातल्या माणसांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. शाळेची इमारत तीच, गुरुजी तेच, फळ्यावरची मराठीही तीच. पण मॅट्रिकचा परीक्षक बदलला. आमच्या पिढीने निकालाची वाट पाहताना नकाशाही पाहिला आहे. म्हणून कुणी म्हणते, की परीक्षा आपल्याच माणसांनी घ्यावी. ते मला पटत नाही. आपल्या माणसाच्या हातून आपल्या माणसाचे गुण वाढतात, आणि ज्याला कोणी आपले नाही ते पोर मागे राहते. कारकुनाच्या मुलाला अलाहाबादनेच तारले, हे विसरून चालणार नाही.

परीक्षक त्रयस्थ असावा; परका असू नये. त्याला मुलाचे नाव, जात, बापाचा हुद्दा ठाऊक नसावा. पण त्या मुलाची भाषा, त्याची शाळा, त्याच्या गुरुजींची अडचण ठाऊक असावी. कलकत्ता, अलाहाबाद, अजमेर या साऱ्यांनी पहिली अट पुष्कळशी पाळली. दुसरी त्यांच्या गावीही नव्हती.

आतोबा आता नाहीत. ते प्रमाणपत्र आत्येभावाने चौकट करून दिवाणखान्यात लावले आहे. शाई पुसट झाली आहे, नाव जेमतेम वाचता येते. अजमेरचा शिक्का मात्र अजून ठळक आहे.