झेरेन्सडॉर्फ येथील हिंदी शिपाई

बर्लिनच्या दक्षिणेस व्यून्सडॉर्फनजीक झेरेन्सडॉर्फ येथे पहिल्या महायुद्धात बंदिवासात वारलेल्या २०६ हिंदी शिपायांची दफनभूमी आहे. जर्मन सरकारने ‘अर्धचंद्र छावणी’त हिंदी कैद्यांस सौजन्याने वागविले, १९१५ साली मुसलमानांकरिता लाकडी मशीदही उभारली, परंतु हे सौजन्य, आमच्या मते, त्यांस इंग्रजांविरुद्ध फितविण्यापुरतेच होते. याच छावणीत जर्मन पंडितांनी भाषाभ्यासाकरिता कैद्यांचे बोलणे व गाणे ध्वनिमुद्रित केले. ते आवाज बर्लिनमध्ये आजही जतन केलेले आहेत. दफनभूमीचे दैव मात्र निराळे! दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुलूख सोव्हिएत फौजेच्या सरावाचे रान झाला, आणि थडग्यांची दुर्दशा झाली. १९९४ साली फौज परतली. जीर्णोद्धार पुरा होण्यास २००५ साल उजाडले.