जालन्याच्या पत्रातील न कळणाऱ्या अक्षरांविषयी

१४. जालन्याहून आलेल्या या ई-मेलच्या छापील प्रतीत रोमन अक्षरांचा जो ढीग दिसतो, तो मराठी मजकूरच आहे. ई-मेलची जुनी व्यवस्था फक्त सात बिटांची साधी चिन्हे वाहून नेई. म्हणून १९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' हे मानक मांडले. त्यातली 'बेस६४' पद्धत दर ३ बाइटांची ४ चिन्हे करते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे अक्षर असो वा काना, प्रत्येकी ३ बाइट लागतात. म्हणजे 'जालना' या शब्दाचे ५ घटक, १५ बाइट आणि २० चिन्हे. मजकूर देवनागरीने सुरू होत असेल, तर पहिली मोकळी जागा येईपर्यंत प्रत्येक चौकडीच्या आरंभी इंग्रजी ४ चा आकडा आणि 'के' हे अक्षर येते. जुनी पत्रे चाळताना ही खूण फार उपयोगी पडते. लिनक्सवर 'बेस६४' हीच आज्ञा 'डी' पर्यायासह दिली की मजकूर उलगडतो. फोटो किंवा कागदपत्रे जोडलेला पूर्ण संदेश असेल, तर 'एमअनपॅक' प्रत्येक जोडणी वेगळ्या फायलीत काढते. वाचकांना विनंती : असे संदेश निकामी समजून पुसू नयेत, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. – संपादक