केमच्या शेजारी मोजलेला हिरवा

केम म्हटलं की कुंकू आठवतं. पण रेल्वेनं केमहून पुण्याकडे निघालं की थोड्याच वेळात येणाऱ्या जेऊर स्टेशनाची ओळख एका हिरव्या रंगाशी आहे.

२२ जानेवारी १८९८. आदल्याच वर्षी सोलापूर जिल्हा दुष्काळात होरपळला होता, पुण्यात प्लेग होता. त्या दुपारी जेऊरला सुमारे दोन मिनिटं सूर्य पूर्ण झाकला गेला. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली उपकरणं इथेच मांडली होती.

सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाच्या, म्हणजे कोरोनाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा १८६९ मध्येच सापडली होती. तिची तरंगलांबी सुमारे ५३१.७ नॅनोमीटर धरली जाई. तिथे लोखंडाचीही एक रेषा होती, त्यामुळे घोळ सुरू होता.

तरंगलांबी मोजायची कशी? घरी जुनी सीडी असेल तर तिच्यावर लाल लेझर सरळ सोडा (डोळ्यात जाऊ देऊ नका). सीडीवरच्या खाचांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं. प्रत्येक खाचेवरून आलेल्या लाटा काही दिशांना एकमेकींना जोर देतात, बाकी दिशांना पुसून टाकतात. हेच व्यतिकरण. एक मीटरवरच्या भिंतीवर बाजूचा ठिपका मधल्यापासून सुमारे ४४ सेंटीमीटरवर पडला, तर लाट ६५० नॅनोमीटरची. हिरव्या लेझरचा ठिपका ३५ सेंटीमीटरवरच पडतो. फूटपट्टीनं केसाच्या शंभराव्या भागाहून लहान गोष्ट मोजता येते, ती अशी.

अमेरिकेत हेन्री रोलंड यांनी काचेइतक्या गुळगुळीत धातूवर इंचाला हजारो रेघा ओढून याच तत्त्वावर सूर्याच्या हजारो रेषांचे आकडे ठरवले होते. ग्रहणाच्या फोटोत अनोळखी रेषा दिसली की शेजारच्या ओळखीच्या रेषांपासून तिचं अंतर मोजायचं.

जेऊरच्या फोटोंवरून कॅम्पबेल यांनी काढलेला आकडा आला ५३०.३. विजयदुर्गावर उतरलेल्या नॉर्मन लॉकयर यांच्या तुकडीचा आकडाही तोच सांगत होता. फरक जेमतेम १.४ नॅनोमीटरचा. पण त्यानं लोखंडाशी असलेलं नातं तोडलं. नवी जागा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग ‘कोरोनिअम’ नावाचं नवं मूलद्रव्य असावं, ही कल्पना बळावली.

उत्तर मिळायला चाळीसेक वर्षं गेली. स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी दाखवलं, की ही रेषा लोखंडाचीच आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. तेवढे इलेक्ट्रॉन निघायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग तर सहा हजारांच्या आत. चुकीचा आकडा योगायोगानं लोखंडाकडे बोट दाखवत होता. तो दुरुस्त झाल्यामुळे सूर्याच्या भोवतीची ही आग कळायला मदत झाली.

नायगमवालांची पुण्यातली वेधशाळा ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये बंद झाली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. २०२३ मध्ये उडालेलं आदित्य-एल१ आज तीच ५३०.३ची रेषा पाहतं. त्याला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. जेऊरला मिळाली होती फक्त दोन मिनिटं.